हवामानाचा संकल्प स्लॅबपर्यंत कसा पोचवायचा?



बांधकाम आणि हवामानबदल या विषयावर परिषदा पुष्कळ होतात, संकल्पही होतात. फौजेत मात्र आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली जाते : कोणी, काय आणि केव्हापर्यंत करायचं हे ज्यात नाही, तो आदेशच नव्हे. बांधकामालाही हेच लागू पडतं. करारात लिहिलं नाही, तर साइटवर काहीच बदलत नाही.

आधी मूळ दुखणं समजून घेऊ. जगभरात माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7 ते 8 टक्के सिमेंटमुळे येतो. भट्टीत चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवली की क्लिंकर तयार होतो. यातला निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर चुनखडीतूनच सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो थांबत नाही. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच मोठा उपाय.

तो आपल्याकडे आहे. पीपीसी सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रांतली राख 35 टक्क्यांपर्यंत चालते. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यांची मळी 70 टक्क्यांपर्यंत चालते. भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेल्या नव्या सिमेंटलाही 2023 मध्ये भारतीय मानक मिळालं.

मग अडतं कुठे? घाईपाशी. अशा सिमेंटला सुरुवातीची ताकद जरा सावकाश येते आणि ठेकेदाराला सेंटरिंग लवकर काढायचं असतं. आयएस 456 प्रमाणे साध्या ओपीसीच्या काँक्रीटवर किमान 7 दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस. कोरड्या, कडक उन्हात 14 दिवसांची शिफारस आहे. हे दिवस वेळापत्रकात धरले नाहीत, तर स्लॅब कच्चा राहतो आणि दोष सिमेंटच्या माथी येतो.

तुम्ही इंदूरला घर बांधत असा, बडोद्याला किंवा बेळगावला. सोसायटीचा पुनर्विकास असला तरी करारात तीन ओळी घाला. सिमेंट कोणतं, ते इंजिनिअरच्या सहीने. पाणी किती दिवस मारायचं, आणि रोजची नोंद कोण ठेवणार. सेंटरिंग कोणाच्या लेखी परवानगीने निघणार.

आज ओतलेला स्लॅब पन्नास वर्षं उभा राहील. त्याचा धूर मात्र आजच हवेत गेलेला असेल. तेव्हा बोलणी पुरे, करार काढा.