धुळीतली बेरीज

रॅलीक्रॉस म्हटलं की युरोपात एकमेकींना खेटून वळणात घुसणाऱ्या गाड्या आठवतात. इंग्लंडच्या लिडन हिलवर १९६७ साली टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी सुरू झालेला हा खेळ. अमेरिकेत ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ हौशी मंडळींसाठी भरवतो तो प्रकार मात्र वेगळा. मोकळं रान, कोन मांडून आखलेली वाट, एका वेळी एकच गाडी आणि घड्याळ. आपल्याकडच्या मातीवरच्या ऑटोक्रॉसशी त्याचं नातं जवळचं.

नवख्यांची गल्लत होते ती हिशेबात. इथे सर्वांत चांगली फेरी धरत नाहीत, सगळ्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. कोन पाडला की २ सेकंदांचा दंड, गेट (दोन कोनांमधली वाट) चुकलं की १०. सहा फेऱ्यांत प्रत्येकी एक सेकंद वाचवलात आणि एकदाच गेट चुकलं, तर कमावलेलं सगळं जाऊन वर चार सेकंदांचं देणं! म्हणून पहिली फेरी मुद्दाम सावकाश मारावी. त्याआधी कोर्स पायी फिरून घ्या, शक्य तर दोनदा. कोनांची नक्षी पायी जेवढी कळते, तेवढी स्टिअरिंगमागून कळत नाही.

जमीनही दिवसभर तीच राहत नाही. सकाळी दवाने निसरडं झालेलं गवत दुपारी धूळ होतं, वळणांवर चाकोऱ्या खोल जातात. ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधीच मारा. चाकं वळवून मारलात तर गाडी नाकासमोर घसरत जाते. पुढची चाकं ओढणारी गाडी अशी घसरू लागली, की स्टिअरिंग आणखी पिळू नका, अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडा. नजर पुढच्या कोनावर ठेवा.

खर्च फारसा नाही. रोजची धडधाकट गाडी चालते. उंच एसयूव्ही उलटण्याच्या भीतीने बहुधा नाकारतात. हेल्मेट अनेकदा उसनं मिळतं. तपासणीआधी बॅटरी घट्ट आहे ना पाहा, डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढा. टायरमध्ये हवा थोडी जास्तच ठेवा, नाहीतर आडवं घसरताना टायर रिमवरून निसटतो.

आपल्या फेऱ्या नसतील तेव्हा कोन उभे करायला मैदानात थांबावं लागतं. कंटाळू नका, मुरलेला ड्रायव्हर ब्रेक कुठे लावतो, ते तिथूनच नीट दिसतं. निघण्याआधी चाकांचे नट आवळा आणि रिमच्या आत थापलेला चिखल खरवडून काढा, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरत राहील.