जळक्या रानातली हिरवी पंगत

रानाला वणवा लागला की तिथली हरणं काय करत असतील? "पळून जातील, दुसरं काय!" असं तुम्ही म्हणाल. अगदी बरोबर. पण खरी गंमत पुढेच आहे. वर्ष सरतं न सरतं तोच ती हरणं त्याच जळक्या रानात परत येतात आणि आरामात चरू लागतात. असं का बरं?

उत्तर शोधायला आपण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाऊ. ते १८७२ साली स्थापन झालं. तिथे एल्क नावाची हरणं हजारोंनी आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंदच! नराचं वजन तीनशे किलोच्या पुढेही जातं. त्याची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात.

१९८८ चा उन्हाळा तिथे फार कोरडा गेला. काही आगी विजेमुळे लागल्या, काही माणसांमुळे. बघता बघता उद्यानाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागात आग पसरली. ती विझवण्यासाठी त्या मोसमात एकूण सुमारे २५ हजार माणसं राबली. पण आगीचा जोर मोडला तो ११ सप्टेंबरला पडलेल्या पाऊस-बर्फाने.

एवढ्या आगीत किती एल्क मेले असतील? सुमारे ३४५. कळपांच्या मानाने हा आकडा लहानच, आणि त्यातले बहुतेक धुराने गुदमरून मेले. खरं संकट नंतर आलं. दुष्काळ आणि आगीमुळे चारा कमी झालेला, त्यात कडक हिवाळा. त्या हिवाळ्यात हजारो एल्क दगावले. उद्यानात शिकारीला बंदी आहे. पण चारा शोधत जे सीमेबाहेर गेले, त्यांतले कितीतरी शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडले.

मग वसंत आला. झाडांचं छत गेलेलं, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर पडू लागलं. राखेतून मातीला खत मिळालं. जमिनीखालची मुळं बहुतेक ठिकाणी जिवंतच होती. झालं! कोवळं, पौष्टिक गवत तरारून वर आलं. लॉजपोल पाइनची तर बातच निराळी. त्याचे काही शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि बी जमिनीवर पडतं.

आता हे शिकाऱ्यांना ठाऊक नसेल होय? अमेरिकेतले मूळ रहिवासी तर पूर्वी मुद्दाम गवताळ भाग जाळत, कोवळ्या गवताला जनावरं यावीत म्हणून. आजचे शिकारीही जळलेलं आणि न जळलेलं रान जिथे मिळतं, ती कड धरून बसतात. कारण एल्क पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर चरतात आणि दिवसा दाट झाडीत विसावतात. पण तिथे शिकाऱ्यालाही धोका असतोच. जळून उभी राहिलेली झाडं वाऱ्याने अचानक कोसळतात. मुळं जळून जमिनीत पोकळ खड्डे झालेले असतात, पाय कधी आत जाईल याचा नेम नाही.

आणि एल्कचं काय? पंगत मिळाली, पण लपायला आडोसा गेला. म्हणून तिथे शिकारीला नियम असतात: परवाना हवा, हंगाम ठरलेला, किती जनावरं मारायची हेही सरकार ठरवतं. कळप घटला तर परवाने कमी करता येतात. परवान्याचे पैसे आणि १९३७ च्या कायद्यामुळे बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी येतो. तरीही, नुकत्याच सावरणाऱ्या रानात शिकार करावी का, यावर दोन मतं होऊ शकतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार बहुतेक वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे.

बरं का, हे वाचून कुणी "वणवा चांगला असतो" असं मात्र ठरवू नका हं! यलोस्टोनमधल्या पाइनला शेकडो वर्षांतून एखादा मोठा वणवा सोसतो. आपल्याकडे काही डोंगर जवळजवळ दरवर्षी पेटवले जातात. मग कोवळी रोपं मोठी व्हायची कधी?

आता तुम्हीच सांगा: जळलेलं रान सावरायला किती वर्षं द्यावीत आणि ते कुणी ठरवावं? आई-बाबांशी यावर बोलून बघा.