इच्छामरणाचा कायदा: कोर्टापासून खाटेपर्यंत

मरणाच्या हक्काचा वाद आपल्या कोर्टात रंगला तो मुंबईतल्या एका पोलीस शिपायामुळे. मानसिक आजार जडलेल्या या माणसाला दुकानाची परवानगी नाकारली गेली, तेव्हा त्याने महापालिकेतच स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. १९८६ मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ रद्दबातल केलं. दयामरण मात्र मनुष्यवधच, असं त्याच निकालात बजावलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम पुन्हा वैध ठरवलं.

मग अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर हल्ला झाला, गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली गेली आणि मेंदूचा प्राणवायू तुटून ती कायमची अंथरुणाला खिळली. पत्रकार पिंकी विराणींनी सुप्रीम कोर्टात तिच्यासाठी मरण मागितलं, तेव्हा केईएमच्या परिचारिका आडव्या आल्या. वर्षानुवर्षं त्या तिला भरवत होत्या, पुसत होत्या, कुशीवर वळवत होत्या. इतकी वर्षं अंथरुणात काढूनही तिला शय्याव्रण नव्हते. ७ मार्च २०११ ला कोर्टाने याचिका फेटाळली आणि तिच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. मला हे पटतं. जो खाटेपाशी उभा राहतो, त्याचं आधी ऐकावं. त्याच निकालाने हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवायची वाट इतरांसाठी खुली केली. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली.

२०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'लिव्हिंग विल'ला, म्हणजे शेवटच्या आजारात कृत्रिमरीत्या जगवू नका असं आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी, शिवाय उपचार थांबवायला डॉक्टरांची दोन मंडळं. हक्क दिला आणि दाराला कुलूप लावलं! २०२३ मध्ये अटी सैल झाल्या. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरला. हे कागद सांभाळणारे अधिकारी महाराष्ट्रात नेमले गेले, तेही मुंबईचे डॉ. निखिल दातार त्यासाठी हायकोर्टात गेल्यावर. गोव्यात न्या. महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र केलं. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे, आणि तो तसाच राहावा.

पण आपल्याकडे कितीतरी घरं वेगळ्याच कागदावर सही करतात: 'आमच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत.' पैसे संपलेले असतात. व्हेंटिलेटर काढला जातो, आणि पेशंटला घरी वेदनेवर मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर तालुक्यात सापडत नाही. लिव्हिंग विलची चर्चा करणाऱ्या प्रत्येक सभेत हा प्रश्न आधी यायला हवा, आणि त्याचं उत्तर सरकारी दवाखान्याकडे मागायला हवं.