साडेसहाचा फाटा

शीळफाट्यावर चार रस्ते एकत्र येतात: कल्याण-डोंबिवलीचा, मुंब्रा-ठाण्याचा, तळोजा-पनवेलचा आणि महापेमार्गे नवी मुंबईचा. रोज सकाळी इथल्या कोंडीत अडकणाऱ्या बसमध्ये महापे-ऐरोलीच्या कंपन्यांतले इंजिनिअर असतात, ठाणे-नेरुळच्या रुग्णालयांत ड्युटीवर निघालेल्या परिचारिका असतात, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात. परदेशी जाण्याचा विचार करणारा मोठा वर्ग हाच. त्यांच्या वाटेत इंग्रजीची एक परीक्षा उभी असते. बहुतेकांसाठी ती आयेल्ट्स, परिचारिका आणि डॉक्टरांसाठी ओईटी, काहींसाठी टोफेल किंवा पीटीई. या परीक्षेची चर्चा मात्र ‘इंग्रजी कच्चं आहे’ या एकाच वाक्यात संपते. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडचा सुशिक्षित उमेदवार इंग्रजीत जितका अडतो, त्याहून जास्त मुद्दा मांडण्यात अडतो. त्यामुळे तयारी व्याकरणापेक्षा विचार लिहून काढण्याची हवी.

आधी गुणांचं गणित पाहू. आयेल्ट्समध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार भागांना शून्य ते नऊ असे बँड मिळतात आणि त्यांची सरासरी निघते. ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, बोलण्यात सात आणि लिहिण्यात सहा मिळवणाऱ्याची सरासरी पूर्णांकित होऊन सात होते. घरचे पेढे आणतात. पण ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल (एनएमसी) लेखनात किमान साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात मागते, म्हणजे हा निकाल तिथे पुरेसा नाही. कॅनडाच्या स्थलांतरात भाषेचे भरघोस गुण देणाऱ्या, तिथल्या भाषामोजपट्टीवरच्या नवव्या पातळीला आयेल्ट्सच्या लेखनात सात लागतात. तिथेही हाच उमेदवार मागे पडतो. आयेल्ट्स घेणाऱ्या संस्था देशवार आणि मातृभाषावार सरासरी गुण प्रसिद्ध करतात. त्या तक्त्यांत जगातल्या बहुतेक गटांचा लेखनाचा आकडा सर्वांत खाली दिसतो आणि भारतीयांचा लेखनाचा आकडा ऐकण्याच्या खाली असतो. याहून बोलका पुरावा खुद्द एनएमसीने दिला. २०१८ पर्यंत ती चारही भागांत सात मागत होती. त्या वर्षी डिसेंबरात तिने फक्त लेखनाची अट साडेसहावर आणली. वॉर्डात उत्तम काम करू शकणारी माणसं याच एका भागात अडकतात, हे इतके अर्ज पाहिल्यावर नियामकालाही मान्य करावं लागलं.

मग लेखनच का? ‘मराठी माध्यम’ हे उत्तर तोंडावर तयार असतं, पण ते पटत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेला मराठी माध्यमाचा उमेदवारही बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. शिवाय इंग्रजी माध्यमात शिकलेली, फोनवर परदेशी ग्राहकांशी सफाईने बोलणारी मुलंही लेखनात सहा-साडेसहावर थांबतात. कारण भाषा कोणतीही असो, आपण शिकतो तो निबंध एकच. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी लिहिला असेल! सुरुवातीला सुभाषित, मग दोन परिच्छेद वरदानाचे, दोन शापाचे, शेवटी ‘विज्ञानाचा वापर विवेकाने करावा’. पूर्ण गुण. शाप की वरदान या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलेलं नसतं आणि कुणी मागितलेलंही नसतं. आयेल्ट्सचा दुसरा लेखनप्रश्न नेमकं तेच मागतो. चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्द लिहायचे, आपली भूमिका सांगायची, कारणं द्यायची, उदाहरणांनी ती पेलून धरायची. तपासणीचे निकष जाहीर आहेत आणि चार निकषांना सारखं वजन आहे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. म्हणजे व्याकरणाच्या वाट्याला गुणांचा फक्त पाव हिस्सा. लेखभर भूमिका स्पष्ट राहिली पाहिजे, ही अपेक्षा सातव्या बँडपासून सुरू होते.

शीळफाट्याच्याच माणसाला सोपा जावा असा एक प्रश्न कल्पून पाहू: गर्दीच्या वेळी शहरातल्या रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असावी, हे तुम्हाला कितपत मान्य आहे? सर्वसाधारण उत्तर ‘आजच्या आधुनिक युगात वाहतूक कोंडी ही ज्वलंत समस्या बनली आहे’ याच्या इंग्रजी भाषांतराने सुरू होतं. पुढे प्रदूषण, वेळेचा अपव्यय, मानसिक ताण आणि अखेरीस सरकार व नागरिक दोघांनीही सहकार्य करावं. हे उत्तर टोकियोत बसूनही लिहिता येईल. वास्तविक कल्याण-शीळ रस्त्यावरून रोज जाणाऱ्याकडे या विषयावर सांगण्यासारखं पुष्कळ असतं. जेएनपीटी बंदरातून भिवंडीकडे आणि पुढे गुजरातकडे जाणारे कंटेनर याच फाट्यावर ऑफिसच्या गर्दीत मिसळतात. ते सकाळी अडवले, तर बंदराच्या बाजूला रांगा लागतात आणि बंदी उठताच सगळे एकदम सुटतात. पलावासारखी मोठी वसाहत आधी उभी राहिली आणि कल्याण-तळोजा मेट्रोचं काम नंतर सुरू झालं. यातून एक ठाम भूमिका निघू शकते: बंदी हवी, पण वाटेत ट्रक थांबवायला जागा केल्याशिवाय ती कोंडी फक्त दोन तास पुढे ढकलते. एवढं साध्या, छोट्या, शुद्ध वाक्यांत लिहिलं तरी परीक्षकाला उत्तर मिळतं. पण उमेदवाराला वाटतं की परीक्षेच्या उत्तरात शीळफाट्याला काय जागा! तिथे मोठे शब्द लागतात, लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं लागतात. हा समज कुठून आला ते सांगता येत नाही. तो खोटा आहे एवढं खरं. उदाहरण स्वतःच्या माहितीतलं द्यावं, असं प्रश्नपत्रिकेवर छापलेलंच असतं.

क्लासवाल्यांचा यावर रास्त आक्षेप असू शकतो. दोन महिन्यांत अर्जाची मुदत संपणाऱ्या मुलाला विचार करायला शिकवत बसायचं की गुण मिळवून द्यायचे? टेम्प्लेट, म्हणजे रिकाम्या जागा भरायचा तयार सांगाडा, खरोखर उपयोगी पडतो. ज्याला परिच्छेद कसा पाडायचा हेच माहीत नाही, त्याला तो पाच-साडेपाचवरून सहापर्यंत आणतो. सहा पुरेसे असतील तर माझी काही तक्रार नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. पाठ केलेली वाक्यं ओळखायला परीक्षकांना शिकवलेलं असतं आणि निकषांतही त्यांची दखल घेतलेली आहे. चाळीस जणांच्या उत्तरांत तेच जोडवाक्य त्याच जागी आलं, की ते वाक्य कुणाचंच राहत नाही. त्यामुळे सहावर आणणारी युक्तीच सातपर्यंत जाऊ देत नाही, आणि तीन-तीनदा फी भरणाऱ्यांची गोष्ट बऱ्याचदा इथेच अडलेली असते.

फीवरून दुसरा, जास्त गंभीर आक्षेप येतो: हा सगळा धंदा आहे. आहेच. भारतात एका वेळची आयेल्ट्सची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरला जातो. ब्रिटिश कौन्सिलने २०२१ मध्ये भारतातला आपला आयेल्ट्सचा व्यवसाय आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला तो १३ कोटी पौंडांना. यावरून आपल्याकडच्या या बाजारपेठेची किंमत कळते. परीक्षेच्या न्याय्यतेवरही प्रश्न विचारता येतात. सलाइन लावणाऱ्या परिचारिकेला प्राणिसंग्रहालयं असावीत की नसावीत यावर मत कशाला हवं? हा प्रश्न बरोबरच होता, म्हणून तर एनएमसीने नोव्हेंबर २०१७ पासून ओईटी स्वीकारली आणि २०२३ मध्ये आधीच ब्रिटनच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी वरिष्ठांच्या दाखल्याचा मार्गही थोडा मोकळा केला. पण धंदा आहे म्हणून परीक्षा जे मोजते ते निरर्थक ठरत नाही. परदेशी विद्यापीठात पहिल्या महिन्यात मागितला जाणारा निबंध आणि नोकरीत वरिष्ठांना पाठवायची ईमेल, दोन्हींत हेच लागतं: तुझं म्हणणं काय आणि का? जाता जाता एक नोंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तरुणांना जर्मन शिकवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. इंग्रजीच्या बाबतीत मात्र प्रत्येक जण आपापला खिसा आणि आपापला क्लास. इंग्रजी आपल्याला येतंच, हे गृहीतक त्यामागे असावं.

अशा परीक्षा नव्हत्या तेव्हाचं या भागातलंच एक उदाहरण आहे. १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या इंग्रजीमागे पती गोपाळरावांचा कडक आग्रह होता, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितला जातो तो न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी निघण्यापूर्वी काही वर्षं चाललेला इंग्रजी पत्रव्यवहार. इथल्या चालीरीती, धर्म, स्त्रियांचं आरोग्य या विषयांवर, उलट प्रश्न विचारणाऱ्या खऱ्या वाचकासाठी त्या लिहीत होत्या. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं ते ‘मी अमेरिकेला का जाते’ याची कारणं देत आणि लोकांचे आक्षेप एकेक घेऊन खोडत. आजच्या लेखनपत्रिकेत ते भाषण चांगलंच टिकलं असतं. आनंदीबाई अपवाद होत्या, त्यांचं उदाहरण सर्वसामान्य उमेदवाराला काय कामाचं, असं कुणी म्हणेल. त्यांच्या जिद्दीची नक्कल करता येत नाही, हे मान्य. पद्धतीची करता येते.

पद्धत म्हणजे वाचक असलेलं लेखन. आठवड्याला दोनच उत्तरं लिहावीत, पण ती कुणाकडून तरी तपासून घ्यावीत आणि दुसऱ्यांदा लिहावीत. न तपासलेल्या तीस उत्तरांत त्याच चुका तीस वेळा घट्ट होतात. मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या असतात. आपल्या भाषेत उपपदं नसल्याने ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ गळतात किंवा भलतीकडे चिकटतात आणि स्वल्पविराम टाकत वाक्य परिच्छेदभर लांबतं. या चुका आता मोबाइलवरचं यंत्रही दाखवतं आणि त्यासाठी ते जरूर वापरावं. पण त्याच्याकडून आख्खं उत्तर लिहून घेतलं की सरावाचा जो भाग महत्त्वाचा, तोच दुसऱ्याने केलेला असतो. कारणं सुचेपर्यंत मराठीत विचार करायलाही हरकत नाही. दोन ओळींत मराठीत भूमिका लिहून, ती घरातल्या कुणाला पटते का ते पाहून मग इंग्रजीकडे वळणारा उमेदवार वेळ वाया घालवत नसतो. ऐकण्याचा सराव बसमध्ये होतो, त्यासाठी कल्याण-शीळ रस्ता भरपूर वेळ देतो. लिहिण्याला मात्र टेबल लागतं आणि ड्युटीनंतरचा एक शांत तास लागतो. तो कुठून काढायचा हे फी भरण्याआधी ठरवलेलं बरं.

परिचारिकांनी ओईटी घ्यावी, असं माझं मत आहे, पण ती सोपी आहे म्हणून नव्हे. तिच्या लेखनात रुग्णाच्या नोंदी देतात, पाच मिनिटं फक्त वाचायला आणि चाळीस मिनिटं पत्र लिहायला. पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. नोंदी त्याहून कितीतरी जास्त असतात आणि आपल्याकडची सवय असते सगळं उतरवून काढायची, कारण शाळेत काही सुटलं तर गुण कापतात. इथे उलट आहे. घरी जाऊन जखमेचं ड्रेसिंग बदलणाऱ्या परिचारिकेला पत्र लिहायचं असेल, तर रुग्णाचा मधुमेह त्यात आलाच पाहिजे आणि वीस वर्षांपूर्वी काढलेलं अपेंडिक्स गाळलं पाहिजे.