चेहरे तेच, माजघर नाही

झी मराठीवर 2015 साली आलेली 'दिल दोस्ती दुनियादारी' सासू-सुनांपासून लांब राहिली. मुंबईतलं 'माजघर' नावाचं घर आणि त्यात राहणारे कैवल्य, सुजय, आशू, रेश्मा, मीनल, अॅना. घर सोडून दूर राहणाऱ्या प्रत्येकाला ही मालिका आपली वाटावी अशीच होती.   

मग 2017 मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' आली.

अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे, सगळे परतले. पात्रं मात्र नवी, गोष्ट नवी, माजघराच्या जागी 'खयाली पुलाव' हे हॉटेल. जुन्या चाहत्याची खरी चुटपुट इथंच आहे. समोर सखी दिसते, पण तिनं साकारलेल्या रेश्माचं पुढं काय झालं ते कळतच नाही. कलाकारांनी जीव ओतला, यात शंका नाही. पण नाव जुनं घेतलं की जुन्या नात्याचं देणंही येतं. ही मालिका काही महिन्यांतच संपली.

दोन्ही पाहायच्या असतील, तर दुसरी स्वतंत्र मालिका म्हणूनच पाहा.