डेटाबेसच्या परवलीच्या शब्दातील बदल

डेटाबेसच्या वापरकर्त्याचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, बदलणे वरकरणी सोपे असते. १९९६ पासून प्रचारात असलेल्या सी-पॅनेलमध्ये डेटाबेसच्या विभागात वापरकर्त्यांची यादी आढळते. इष्ट नावासमोरील 'चेंज पासवर्ड' निवडून नवा शब्द दोनदा लिहिला की कार्य संपले, असा समज होतो. तो अपुरा आहे.

येथे वापरकर्ता म्हणजे मनुष्य नव्हे, तर बहुधा संकेतस्थळाची आज्ञावली होय. मायएसक्यूएल मूळ शब्द न साठविता त्याचे एकमार्गी रूपांतर साठविते; त्यामुळे विसरलेला शब्द तेथून वाचता येत नाही, बदलावाच लागतो. उलट, आज्ञावलीस जोडणीच्या वेळी तो शब्द लागत असल्याने वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाइलीत तो सामान्यतः उघड्या अक्षरांत असतो. पॅनेलमधील बदल या फाइलीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. परिणामी डेटाबेसमधील एक अक्षरही नष्ट न होता संकेतस्थळ बंद पडते.

यास्तव जुना शब्द ज्या ज्या फाइलींत आहे त्या प्रथम शोधून ठेवाव्यात, नंतर शब्द बदलावा व लागलीच त्या फाइलींत नवा शब्द लिहावा. संकेतस्थळ पूर्ववत उघडते की नाही, हे पाहिल्यावरच काम पूर्ण झाले असे मानावे.