दहा मीटरची नेमबाजी

ट्रॅप नेमबाजीला मोकळा माळ लागतो, आणि माळ लोणंदला भरपूर आहे. नीरा ओलांडून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि पुढे चांदोबाच्या लिंबाकडे उभ्या रिंगणाला निघते. त्या वाटेवर दोन्ही अंगांना नजर ठरत नाही एवढी उघडी जमीन दिसते. तरीही इथल्या एखाद्या आठवीच्या मुलीने ‘मला शाळेच्या ट्रॅप टीममध्ये जायचंय’ असा हट्ट धरला, तर तिला पाठवायचं कुठे हे आईवडिलांना उमगत नाही. तिची खरी वाट माळावरून जातच नाही. ती शाळेच्या एखाद्या लांबोळक्या खोलीत सुरू होते.

ट्रॅप म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. जमिनीखाली एक खंदक असतो. ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅपमध्ये त्या खंदकात पंधरा यंत्रं बसवलेली असतात, तीन-तीनच्या पाच गटांत. खंदकाच्या मागे पंधरा मीटरवर पाच जागा आखलेल्या असतात. नेमबाज बारा बोअरची दुनळी खांद्याला लावतो आणि ‘पुल’ म्हणून ओरडतो. मायक्रोफोन तो आवाज टिपतो आणि समोरच्या तीनपैकी एका यंत्रातून तबकडी सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे त्याला आधी ठाऊक नसतं. तबकडीचा व्यास 110 मिलीमीटर, वजन 105 ग्रॅम. अडवलीच नाही, तर ती साधारण 76 मीटरवर जाऊन पडते. एका तबकडीसाठी दोन बार मारता येतात. अशा पंचवीस तबकड्यांची एक फेरी, आणि मोठ्या स्पर्धेच्या प्राथमिक टप्प्यात 125 तबकड्या. हा खेळ 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकपासून आहे. आपल्याकडे त्याचं नाव झालं ते बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांच्यामुळे. 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ते पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला पोहोचले आणि निर्णायक फेरीत मागे पडून रौप्यपदकाचे मानकरी ठरले.

महाराजांचा उल्लेख मुद्दाम केला. शॉटगनचा खेळ आपल्या देशात बराच काळ राजवाडे, जमीनदारी आणि लष्कर यांच्या आधाराने वाढला. त्याचं कारण एका फेरीच्या हिशेबातच दिसतं. पंचवीस तबकड्या फुटून गेल्या, काडतुसं पन्नासपर्यंत उडाली, आणि उद्या सकाळी तेवढीच सामग्री पुन्हा हवी. त्यात बारा बोअरच्या बंदुकीला शस्त्रपरवाना लागतो. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तो स्वतःच्या नावावर मिळत नाही, त्यामुळे सराव करायचा तो रेंजवर, मोठ्यांच्या देखरेखीखाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 2001 साली शाळांची क्ले टार्गेट लीग सुरू झाली आणि तिथून ती इतर राज्यांत पसरली. पण तिथे घरोघरी शॉटगन होती आणि गावाबाहेर क्लबचं मैदान आधीपासून होतं. आपल्या शाळेपाशी यातलं काही नाही. ही आपल्या मुलांची उणीव आहे असं मला वाटत नाही. महाराष्ट्राने नेमबाजीचं दुसरं दार उघडलं आणि त्यातून जगज्जेते बाहेर काढले.

ते दार म्हणजे एअर रायफल. शालेय क्रीडास्पर्धांत नेमबाजी खेळली जाते ती मुख्यतः एअर रायफल आणि एअर पिस्तुलाने, 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत. रायफलीत दोन प्रकार आहेत. एक ओपन साइट, म्हणजे नळीवरची माशी आणि मागची खाच उघड्या डोळ्याने जुळवायची. दुसरा पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून पाहायचं. शिकायला सुरुवात ओपन साइटनेच करावी, असं माझं ठाम मत आहे. महागडी पीप साइट रायफल पहिल्याच महिन्यात हातात दिली की मूल यंत्रावर विसंबतं, आणि उभं कसं राहायचं हे शिकायचं राहून जातं.

अंतर दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट. वर्गखोली कमी पडते, पण शाळेचं सभागृह किंवा बंद करता येणारा व्हरांडा पुरतो. लक्ष्याच्या कार्डावरचं काळं वर्तुळ 30.5 मिलीमीटरचं असतं आणि दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा. छर्रा 4.5 मिलीमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. कार्डामागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, तिच्यामागे भक्कम भिंत, आणि मुलांच्या पुढे कोणीही जाणार नाही याची खबरदारी घेणारा एक जबाबदार शिक्षक. ठरावीक ताकदीच्या आतल्या .177 बोअरच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. सराव संपल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण छर्रा शिशाचा असतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

आता एक शॉट जवळून पाहा. मुलगी लक्ष्याकडे डावा खांदा करून उभी राहते. डावा कोपर बरगडीखाली, कमरेच्या हाडावर टेकतो. रायफलीचा भार दंडाने नव्हे, हाडाने पेलायचा असतो. गाल दस्त्याला लागतो, प्रत्येक वेळी त्याच जागी. ती श्वास घेते, अर्धा सोडते, थांबते. माशी काळ्या वर्तुळाखाली येते, डुलते, पुन्हा येते. बोट ट्रिगरवर दाब वाढवत असतं. आठ-दहा सेकंद गेले, डोळ्यांत पाणी आलं, माशी स्थिर होत नाही. इथे नवखं मूल घाई करतं आणि ट्रिगर ओढतं. शिकलेलं मूल रायफल खाली घेतं, श्वास नीट करतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. न सुटलेला शॉट हा या खेळातला सगळ्यात अवघड धडा आहे. तेरा-चौदाव्या वर्षी तो अंगात मुरला की दहावीच्या परीक्षेतही कामाला येतो, असं कितीतरी पालक सांगतात. शॉट सुटल्यावरही रायफल लगेच हलवायची नाही. नजर तिथेच ठेवायची आणि छर्रा कुठे गेला असेल ते कार्ड न बघता सांगायचं. ट्रॅपमध्ये हे सगळं सेकंदाच्या आसपास उरकावं लागतं. तिथे विचाराला सवड नाही, म्हणूनच तिथलं अंगवळण आधी कुठेतरी संथपणे पडलेलं बरं.

आणखी एक दार एनसीसीचं. ही संघटना 1948 पासूनची, आणि शाळेतल्या तिच्या ज्युनियर विभागात कॅडेटच्या हाती .22 रायफल येते. पालथं पडून, पंचवीस यार्डांवरून, पाच गोळ्या. इथे पहिल्यांदा गुण मोजत नाहीत. पाचही भोकं किती जवळ पडली ते बघतात. त्याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात आणि चांगलं ग्रुपिंग पडलेल्या कॅडेटकडे उस्तादांचं लक्ष जातं. गोळ्या एकाच जागी पडल्या, तर त्या मधोमध आणणं ही नंतरची, सोपी गोष्ट. अंजली भागवत यांच्या हातात रायफल एनसीसीतूनच आली. पुढे 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

शालेय स्पर्धेत सातारा जिल्ह्याचा विभाग कोल्हापूर. लोणंदच्या मुलीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, कारण जिल्हास्तर पार केला की विभागस्तरावर तिची गाठ कोल्हापूरच्या मुलींशी पडते, आणि कोल्हापूर म्हणजे या खेळाचं माहेरघर. तेजस्विनी सावंत तिथल्याच. 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर रायफल प्रोनमध्ये त्या जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. राही सरनोबतही तिथल्याच. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात त्यांनी सुवर्ण घेतलं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. शिक्षकाचा हा मुलगा नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेऊन उभा राहिला. महाराष्ट्राचं त्याआधीचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक 1952 चं, हेलसिंकीतलं. तेही कांस्यच, आणि ते मिळवणारे खाशाबा जाधव आपल्याच सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. मधली बहात्तर वर्षं हे राज्य वाट पाहत होतं. मला या दोन पदकांकडे एकत्र बघायला आवडतं. दोघेही राजवाड्यात वाढले नव्हते. एकाच्या पाठीशी तालीम होती, दुसऱ्याच्या पाठीशी प्रबोधिनी.

म्हणून शाळांना माझं सांगणं साधं आहे. दोन ओपन साइट रायफली, छर्ऱ्यांची पेटी, कार्डांचे गठ्ठे आणि रेंजची शिस्त शिकलेला एक क्रीडाशिक्षक, एवढ्यावर टीम उभी राहते. रायफली पाळीपाळीने वापरता येतात. निम्मा सराव तर छर्ऱ्याविना होतो. घरच्या भिंतीवर काळा ठिपका काढून रिकाम्या हातांनी, नुसतं उभं राहण्याचा सराव रोज पंधरा मिनिटं केला, तरी महिन्याभरात कार्डावर फरक दिसतो. शिक्षकाची निवड मात्र हलक्यात घेऊ नये. रायफल भरलेली आहे असं समजूनच ती हाताळायची, नळी नेहमी लक्ष्याकडे, हुकूम आल्याशिवाय कोणी रेषा ओलांडायची नाही. यात एकदाही सूट न देणारा माणूस मिळत नसेल, तर टीम काढायची घाई करू नये. एक वर्ष थांबलेलं परवडतं.

आणि ट्रॅप? ज्याला तो आतून खुणावतो, त्याने जरूर जावं, पण दहा मीटरवर दोन-तीन वर्षं घालवून. सांभाळलेला खांदा, जागेवर बसणारा गाल आणि शॉटनंतरही न हटणारी नजर या तिन्ही गोष्टी शॉटगनला तशाच्या तशा लागतात. काडतुसं मात्र महाग असतात, आणि ज्या चुका छर्ऱ्यावर सुधारता येतात त्या काडतुसावर सुधारणं कोणत्याच घराला झेपत नाही.

लोणंदच्या मुलीने आठवीत पाऊल टाकताच, जूनमध्येच, शाळेत एनसीसी असेल तर निवडीला उभं राहावं आणि क्रीडाशिक्षकांना जिल्हास्पर्धेच्या नोंदणीची मुदत विचारून ठेवावी. नोंदणी शाळेमार्फतच होते. मुदत चुकली की वर्ष जातं, आणि 14 वर्षांखालच्या गटात मुळात वर्षं थोडीच असतात.